घोडी उपाशी नाही गेली

आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असायची. एकात रोजे आणि ईद, दुसऱ्यात लग्नाचे मुहूर्त. अब्बा दुसरं जास्त वाचायचे. भोरातले एक भटजी थट्टेनं म्हणत, मुहूर्त विसरला तर मला विचारू नका, घोडीवाल्याला विचारा. खोटं नव्हतं ते. आमचं पोट नवरदेवांवर होतं. दारात पांढरी घोडी होती, आणि भोरापासून खाली हायवेपर्यंत आणि इकडं पार मार्गासनीपर्यंत ज्याला वाजतगाजत मिरवायचं असेल तो आमच्या दारात यायचा.

आधी अब्बांचा टांगा होता. सहा आसनी रिक्षा आल्या आणि टांग्यात बसायला लोकांना लाज वाटायला लागली. टांगा परड्यात सडत पडला, पण घोडं ठेवायची सवय अब्बांना सुटली नाही. ही घोडी त्यांनी शिंगरू असताना आणली होती. तिला नाव ठेवलं नाही. "घरच्या माणसाला नाव घेऊन कुठं हाक मारतो आपण?" असं म्हणायचे. अम्मीला तरी ते "अगं" म्हणूनच हाक मारत. घोडीलाही तेच. परड्यातून "अगं" ऐकू आलं की अम्मी आणि घोडी दोघी मान वळवायच्या.

घोडी गुणी होती पण खादाड. वरात देवळापाशी थांबली की मान मागं वळवून नवरदेवाच्या गळ्यातला झेंडूचा हार खायची. कित्येकांच्या लग्नाच्या फोटोत नवरदेव अर्ध्या हारानं बसलेला दिसेल. लोक हसायचे, अब्बाही हसायचे. त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा. कुणी बोलण्याच्या ओघात 'वरातीमागून घोडं' म्हणालं की ते ताडकन म्हणत, "आमचं घोडं आजवर वरातीमागनं गेलेलं न्हाई. म्होरंच असतं."

मी तेव्हा चोवीस वर्षांची, घरात बसलेली. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. माझं जमत नव्हतं याला माझी जीभ कारण आहे असं अम्मीचं ठाम मत होतं. आळीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "बापानं निम्म्या तालुक्याला घोडीवर बसवलं, पोरगी मातुर दारातच." मी उलट उत्तर द्यायची, मग अम्मी कपाळावर हात मारून घ्यायची. एकूण मी तोंडाळ होते. जे वाटेल ते बोलायची, ज्याला वाटेल त्याला. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते माझ्या न बोलण्याचं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या एका वरातीत कुणीतरी घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली. ती बिथरली, अब्बा लगाम धरून फरफटले आणि गुडघ्यावर आपटले. घोडीनं चारही पाय त्यांना चुकवून टाकले, खूर लागू दिला नाही. पण गुडघा असा सुजला की त्यांना खाटेवरून उठता येईना. पुढं पौष होता. पौषात लग्नं नसतात, म्हणजे घोडीला महिनाभर सुट्टी. तिला खाऊपिऊ घालून माघासाठी तयार करायचं, एवढंच काम.

आता चारायचं कुणी, हा प्रश्न आला. आमच्या घरात एक नेम होता, अब्बांच्या वडलांपासूनचा. घोड्याला दाणा एकाच हातानं द्यायचा. एकानं घातला, दुसऱ्यानंही घातला, तर घोडं फुगून मरतं. दोघांनाही वाटलं दुसऱ्यानं घातला, तर उपाशी राहतं. म्हणून घरात हात एकच. मी खरारा करायची, पाणी पाजायची, लीद काढायची, पण दाण्याला मला कधी हात लावू दिला नव्हता. त्या पौषात अब्बांनी मला खाटेपाशी बोलावलं, दाण्याचं पितळी मापटं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आजपासनं हात तुजा."

एवढा आनंद मला माझ्या निकाहातही झाला नाही.

दाणा म्हणजे भिजवलेले हुलगे, आणि त्याबरोबर हुलग्याचं भुसकट. ते दर वर्षी हिर्डोशीहून यायचं. तिथले एक काका अब्बांचे जुने दोस्त होते, त्यांची वरात अब्बांच्या आधीच्या घोड्यावरून निघाली होती. त्या ओळखीवर हुलग्याची मळणी झाली की दोन पोती आमची असत. अब्बा स्वतः जाऊन आणायचे. आणल्यावर परड्यात जुनं लुगडं अंथरून तीनदा चाळायचे, सुपात घेऊन पाखडायचे, आणि हुलग्याखेरीज दुसरी एखादी शेंग, एखादा दाणा दिसला तर वेचून फेकायचे. आम्ही कंटाळून बघत बसायचो. "बेटा, घोड्याला उलटी येत न्हाई," ते म्हणायचे. "पोटात गेलं ते गेलं. ते म्हागारी काढता येत न्हाई."

त्या वर्षी मी गेले. हिर्डोशीला जायला एसटी दिवसातून मोजून दोनदा. सकाळच्या गाडीनं पोचले तर काकी एकटीच खळ्यावर काठीनं हुलगा झोडपत होती. काका तापानं पडलेले. मीही ओढणी कमरेला खोचून झोडपायला लागले. हुलगा त्या वर्षी बारीक होता, शेंगा पोचट. पण त्याच्यात दुसरंच एक झाड पुष्कळ होतं. त्यांच्या वावराच्या कडेनं रस्त्याची माती येऊन पडली होती, त्या मातीत ते कमरेएवढं माजलं होतं, आणि घाईत हुलग्याबरोबर उपटून खळ्यावर आलं होतं. त्याच्या शेंगा वीतभराला थोड्या कमी, तपकिरी, दोन्ही कडांना फिकट पट्टी. आत भरगच्च दाणा.

"काकी, ह्ये काय वं?" मी विचारलं.

"टाकळा न्हवं का. पावसात भाजी करून खातो त्योच. तुज्या आईला लई आवडतो."

खरं होतं. आषाढ लागला की अम्मी टाकळ्याची कोवळी पानं खुडून आणायची, कांदा आणि लसूण घालून भाजी करायची. मी लहानपणापासून खात आले होते.

"जनावर खातंय का?"

"हिरवा आसताना त्वांड लावत न्हाईत. वाळल्याव खात्यात की."

मला आणखी काय हवं होतं? हुलगा पोचट आणि ही शेंग भरलेली. दाणा म्हणजे ताकद. काकी ते झाड निवडून बाजूला टाकायला निघाली, तर मीच म्हणाले, राहू द्या, टाका पोत्यात. वर आणखी बांधावरच्या वाळलेल्या शेंगा ओढणीत तोडून घेतल्या. माघात घोडी अशी चकचकीत बाहेर काढीन की अब्बा म्हणतील, माझ्या हातापेक्षा तुझा हात चांगला. हे माझ्या डोक्यात होतं, दुसरं काही नाही. दोन पोती एसटीच्या टपावर टाकून मी राणीसारखी घरी आले.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी खाटेवरूनच विचारलं, "चाळलंस का?"

मी म्हणाले, "व्हय."

चाळलं नव्हतं. चाळलं असतं तर माझ्या शेंगा गळून पडल्या असत्या. मी त्या उखळात कुटून हुलग्यात भिजवत होते आणि वरून गुळाचा खडा टाकत होते. अब्बांना खाटेवरून परडं दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. इतकी वर्षं झाली, आजही कुणी साधं "हे केलंस का?" विचारलं तर माझ्या तोंडून पटकन "हो" निघत नाही.

घोडी आवडीनं खायची. बादली खाली ठेवायच्या आत तोंड घालायची, आणि बादली संपली की माझा तळहात चाटायची. पंधरवडाभर सगळं ठीक. मग एका सकाळी मला वाटलं, ती मागचा उजवा पाय ओढते आहे. नाल ढिला असेल म्हणून खूर उचलून पाहिला. नाल पक्का होता. अब्बांना सांगितलं नाही, म्हटलं होईल बरी. उलट दाणा मूठभर वाढवला.

चार दिवसांनी ती परड्यातून बाहेर यायलाच तयार होईना. मागचे दोन्ही पाय ताठ, मांड्या आतून थरथरत होत्या, आणि पौषातल्या त्या थंडीत अंगावर घाम. मी ओरडले. अब्बा काठी टेकत, भिंत धरत आले. त्यांनी तिच्या पोटाला कान लावला, मागच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला. पुठ्ठा लाकडासारखा कडक लागत होता.

"बसून बसून खाल्लंया, आखडलीया," ते म्हणाले. "फिरीव हिला. काय बी झालं तरी बसू देऊ नगं. घोडं बसलं की गेलं."

घोडेवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत ती. पोटात कळ येऊ दे, अंग आखडू दे, घोडं फिरवायचं. मी फिरवलं. आमच्या आळीतून नीरा नदीच्या घाटापर्यंत आणि परत. सकाळभर फिरवलं, दुपारी फिरवलं. ती दर पंचवीस पावलांवर थांबायची, मागचे गुडघे दुमडायची, आणि मी लगाम हिसडून तिला वर ओढायची. एकदा ती हलेचना तेव्हा मी लगामाचं टोक तिच्या पाठीवर मारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चालायला लागली. मी चुकीचं वागते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटत होतं मी तिला वाचवते आहे, आणि तेच मी रडत रडत तिला सांगत होते.

घाटापाशी ती मुतली. धार काळपट लाल, दूध न घातलेल्या चहाच्या रंगाची. मी तिला तशीच घरी आणली. अब्बांना सांगितलं तर त्यांनी पुन्हा पुन्हा रंग विचारला. त्यांच्या साठ वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर त्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूला लसी टोचायला गेले होते. एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून मी तीन ठिकाणी फोन केले, शेवटी मार्गासनीच्या एका दुकानदारानं निरोप पोचवतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी स्वतःच बसली. मी लगाम ओढला, अब्बांनी मागून खांदा लावला, शेजारचे दोघं आले. नाही उठली. पण मान वर होती, कान ताठ होते, डोळे स्वच्छ. आणि भूक होती. तेच आम्हाला मोठं आशेचं वाटत होतं. खातंय ते जनावर मरत नाही, अब्बा म्हणाले. मी तिच्या तोंडाशी बसून मूठ मूठ चारलं. शेंगांचा कूट निवडून निवडून तिला दिला, कारण ताकद त्यातच होती ना.

दुपारी डॉक्टर मोटरसायकलवरून आले. तरुण होते, बूट धुळीनं भरलेले. त्यांनी तिची छाती ऐकली, मांडी दाबून पाहिली, मी बाटलीत धरून ठेवलेली लघवी उजेडात धरली.

"फिरवलीत का हिला?"

"काल दिवसभर," अब्बा म्हणाले. "बसू न्हाई दिली सायेब."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले, "आता अजिबात हलवू नका." त्यांनी सलाईनची बाटली वाशाला टांगली, सुई टोचली, मग माझ्याकडं वळून विचारलं, "खायला काय घालता?"

मी त्यांना परड्यामागच्या खोपटात नेलं. अब्बा घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, ते तिथंच राहिले. डॉक्टरांनी पोत्यात हात घातला, ढवळला, आणि मूठ बाहेर काढून उघडली. त्यातली एक शेंग त्यांनी नखानं फोडली.

"हे काय आहे माहीत आहे तुम्हाला?"

"टाकळा."

"टाकळा नाही हा. टाकळ्याचा दाणा असा नसतो, त्याला कोन असतात, दोन्ही टोकांना तिरका कापल्यासारखा दिसतो. हा बघा, चपटा आणि गोल. हा कासविंदा. टाकळ्याचं पान टोकाला गोल असतं, याचं निमुळतं, आणि चुरगाळलं की घाण वास येतो. याच्या दाण्यानं जनावराचे स्नायू झिजतात. सडतात म्हणा. लघवीत जो रंग उतरतोय तो त्या मांसाचा आहे."

मी विचारलं, "आन् फिरवलं त्यानं?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुखऱ्या स्नायूंना काम लावलं की आणखी झिजतात." मग घाईनं, मला सावरायला म्हणून, "तुम्हाला कसं कळणार?"

"वाचंल का?"

"याला उतारा नाही. हृदयही स्नायूच असतं, त्याला लागलं नसेल तर आशा आहे. आजचा आणि उद्याचा दिवस काढला तर कदाचित उभी राहील. पण यातला एक दाणासुद्धा आता तिच्या पोटात जाता कामा नये. ओली हरळी द्या, पाणी पाजा. मी वडलांना सांगतो."

मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. "तुमी नका सांगू. मी सांगते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आत्ता सांगा. लगेच," म्हणाले, आणि मोटरसायकलला किक मारून गेले. त्यांच्या पाठीमागं वेल्ह्याची अर्धी गावं राहिली होती.

मी परड्यात आले. अब्बा म्हणाले, "काय म्हनला?"

"हरळी आना म्हनले. हलवायचं न्हाई."

"झालं कशानं?"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. हिर्डोशी, ओढणीतल्या शेंगा, ते "व्हय." तेवढ्यात अब्बाच बोलले. गुडघ्याकडं बघत म्हणाले, "ह्यानं झालं. म्या पडलो, ती महिनाभर बांधून ऱ्हायली. बसून खाल्लं नी आखडली. माज्या गुडघ्यानं खाल्लं तिला."

त्या वेळी फक्त "न्हाई अब्बा" म्हणायचं होतं. दोन शब्द. गावात कुणालाही काहीही सुनावणारी मी, माझ्या घशातून ते दोन शब्द निघाले नाहीत. मला त्यांची भीती वाटली नाही, ते मारणारे नव्हतेच. मला त्या मापट्याची भीती वाटली. ते परत मागतील, म्हणतील तुझ्या हाती द्यायला नको होतं. म्हटलं, हरळी घेऊन येते, घोडी जरा सावरली की मग सांगते. विळा उचलला.

भिजवलेल्या दाण्याची बादली तिथंच होती, घोडीच्या मानेपासून हातभर अंतरावर. ती मी पाहिली. हे मी स्वतःला कधी विसरू देत नाही. पाहिली आणि विचार केला की उचलली तर अब्बा विचारतील का उचललीस, मग सांगावं लागेल. आणि असू दे, घरात हात एकच आहे. माझ्याशिवाय तिला कोण चारणार आहे? वडलांपासूनचा नेम, अब्बा मोडणार नाहीत. मी निघाले.

पौषात ओली हरळी कुठं मिळते? नदीच्या दोन्ही काठांना वाळून कोळ झाली होती. शेवटी एका मळ्यात पाण्याचं इंजिन बसवलेलं होतं तिथं, त्याच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्यावर, हिरवा पट्टा मिळाला. बोटं कापली, ओढणीत भारा बांधला, पळत आले. दीड तास गेला असेल.

बादली रिकामी होती.

अब्बांच्या तळहाताला गूळ आणि कूट चिकटलेला होता. त्यांनी चोरी सापडल्यासारखा हात मागं घेतला. "तू न्हवतीस," म्हणाले. "सारखी हात चाटीत व्हती. उपाशी कशी ठिवायची? म्या नेम मोडला, बेटा. पर खाल्लं बग तिनं. सगळं खाल्लं."

मी तिच्या पुढं हरळी टाकली. तिनं दोन काड्या ओठात धरल्या, पण चावल्या नाहीत. मग तिचा श्वास बदलला. नाकपुड्या फुगल्या, मान वर गेली आणि अब्बांच्या मांडीवर पडली. ऊन कलताना असरची अजान झाली तेव्हा ती गेलेली होती. हरळीच्या त्या दोन काड्या तिच्या ओठातच होत्या.

मला तिथं किंचाळून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डॉक्टरांची आशा किती खरी होती, त्या शेवटच्या बादलीनं किती फरक पडला, हे मला कुणी सांगू शकलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

नदीपलीकडं खड्डा काढला. तो काढायला कुणाला बोलवावं लागलं नाही. तिच्यावरून मिरवलेले सात-आठ जण आपापली टिकाव-फावडी घेऊन आले. त्यातल्या एकानं खड्ड्यात झेंडूचा हार टाकला, आणि म्हणाला, "घे, आता सगळा खा."

दोन्ही पोती मी जाळली. भुसकट धुमसत राहिलं, त्याचा वास दिवसभर घरात होता. अब्बांनी विचारलं, चारा का जाळतेस, कुणाच्या तरी गुराला दे. मी म्हणाले, मला बघवत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी मी हिर्डोशीला गेले, काकीला मात्र सांगितलं. पान दाखवलं, दाणा दाखवला. ती खळ्यावर बसूनच राहिली. "म्हंजे म्या मारली का गं तुमची घोडी?" मी लगेच म्हणाले, "न्हाई काकी. तुमी टाकूनच देत व्हता. म्याच ठिवलं." तिला सोडवायला मला एक क्षण लागला नाही. अब्बा त्यानंतर नऊ वर्षं जगले. गुडघा पुढं बरा झाला, पण चालताना कधी कळ आली की ते त्या गुडघ्यावर मूठ मारायचे आणि त्याला शिवी द्यायचे. मी समोर असायची. जी गोष्ट त्यांना नऊ वर्षांत सांगितली नाही ती आता कागदावर लिहिते आहे. अब्बा असते तर म्हणाले असते, हे खरं वरातीमागून घोडं.

घोडी कशी गेली ही हकिगत अब्बा लोकांना पुनःपुन्हा सांगायचे, आणि दर वेळी तिचा शेवट एकच असायचा. जणू तेवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. आळीत सांगितलं, मशिदीत सांगितलं, हिशेबानं सगळ्या नवरदेवांना सांगून झालं. माझं लग्न ठरलं दोन वर्षांनी, तेव्हा माझ्या सासरच्यांनाही सांगितलं.

नवरा जीपमधून आला. बँडवाले म्हणत होते, पुण्याहून घोडी आणू. अब्बा म्हणाले, माझ्या दारात दुसऱ्याची घोडी येणार नाही. पाठवणीच्या वेळी अब्बांनी माझ्या सासूला जवळ बोलावलं. माझा हात धरून तिच्या हातात दिला, आणि सगळा मांडव ऐकत असताना म्हणाले,

"माजी घोडी माज्या गुडघ्यानं मेली. पर ह्या पोरीनं तिला उपाशी न्हाई जाऊ दिली. हिनं भिजवलेलं खाऊन गेली. लई मायेचा हात हाय हिचा, सांबाळा."

सासूनं माझा तळहात उलटा करून पाहिला आणि डोळ्यांना लावला. बायका हुंदके द्यायला लागल्या.

मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, नवरी लाजली.